स्मार्ट टीव्ही नको, महिन्याचं रिचार्जही नको : कोकणात काय जमतं?

खाडीकाठ (प्रश्न)

देवगडजवळ खाडीला लागून चिऱ्याचं कौलारू घर आहे. पुढे आई-बाबा राहतात, मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. जुना टीव्ही गेला. दुकानात विचारलं की स्मार्ट टीव्हीच पुढे करतात. घरी नेट फक्त मोबाइलचं, आणि पावसात लाइट गेली की टॉवरही तासाभराने मान टाकतो. आई-बाबांना सह्याद्री, बातम्या आणि भारताचे सामने, एवढं पुरे.

विचारायचं असं, की स्मार्ट नसलेला टीव्ही घ्यावा का, आणि त्याला काय जोडावं? छपराच्या कडेला बंद केलेल्या डिशटीव्हीची छत्री गंजत उभी आहे, ती चालेल का? आग्नेयेला माड आहेत. शिवाय इंग्लंडमधला चुलतभाऊ म्हणतो तिकडे टीव्हीचं लायसन्स भरावं लागतं. आपल्याकडेही पूर्वी पोस्टात भरत, असं बाबा सांगतात. आता तसलं काही आहे का, विशेषतः पाहुण्यांच्या खोल्यांत टीव्ही लावला तर?

---

पाणसळ

शेवटच्यापासून सुरुवात करतो. भारतात टीव्ही किंवा रेडिओ घरात ठेवायला आज कुठलंही लायसन्स लागत नाही. बाबांचं बरोबर आहे, पूर्वी पोस्टातून दरवर्षी लायसन्स घ्यावं लागे. ऐंशीच्या दशकात ते रद्द झालं. ब्रिटनमध्ये मात्र ते अजून आहे. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १७४.५० पौंड होतं, आणि ते टीव्ही संचाचं नसून पाहण्याचं आहे. कुठलाही कार्यक्रम प्रसारण चालू असताना पाहिला, मग तो लॅपटॉपवर का असेना, किंवा बीबीसीचं आयप्लेअर वापरलं, तर ते लागतं.

आपल्याकडे महिन्याला जातात ते पैसे सरकारी लायसन्सचे नसतात. केबल आणि डीटीएचवाले जोडणीचं शुल्क घेतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि वर पैसे देऊन घेतलेल्या चॅनेलांची किंमत वेगळी. या जोडणी शुल्काला ट्रायने (दूरसंचार नियामक संस्थेने) १३० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती, ती जुलै २०२४ मध्ये काढून टाकली. दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा, डीडी फ्री डिश, हिला यातलं काहीच नाही. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की झालं. नाव नोंदवायचं नाही, रिचार्ज नाही, कार्ड नाही. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ती सुरू झाली. एखाद्या दुकानदाराने ‘फ्री डिशचं वर्षाचं रिचार्ज’ मागितलं तर त्याला हात जोडून बाहेर पडा.

खोल्यांचं : फ्री डिश लावायला अडचण नाही. पैसे भरून घ्यायची डीटीएच मात्र पाहुण्यांच्या खोलीत घरगुती दराने लावू नका, व्यावसायिक जोडणी वेगळी असते. ओटीटीची खातीही वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठीच दिलेली असतात.

क्रिकेटबद्दल आधीच सांगून ठेवतो, नंतर आई-बाबांचा हिरमोड नको. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावं लागतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवता येतं, खासगी केबल-डीटीएचवर डीडी लावून नाही. म्हणजे या एका बाबतीत फुकटवालाच फायद्यात आहे. आयपीएल त्या यादीत नाही. फ्री डिशवर खासगी चॅनेलं लिलावात जागा घेतात, त्यामुळे आज दिसणारं मराठी चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. सह्याद्री आणि बाकी डीडी राहतात.

गच्चीवरचा जुना काड्यांचा अँटेना लावायचा विचार असेल तर सोडून द्या. दूरदर्शनचं जमिनीवरचं अॅनालॉग प्रक्षेपण जवळजवळ सगळीकडे बंद झालं आहे.

---

ओळंबा आणि पाना

छत्रीचं मी सांगतो.

फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व. तुमच्या जुन्या डिशटीव्हीचा उपग्रह ९५ अंशावर. म्हणजे तुमची छत्री जवळजवळ बरोबर जागी बघते आहे. देवगडहून फ्री डिशसाठी दिशा उत्तरेपासून उजवीकडे मोजत साधारण १२८ अंश आणि उंची ६० अंश. डिशटीव्हीसाठी ती १२५ आणि ५८-५९ असते. छत्रीच्या मागे उभं राहून तिचं तोंड उजवीकडे वळवायचं, कड जेमतेम १ सेंटिमीटर सरकेल इतकंच, आणि किंचित वर करायचं, एवढंच काम. टाटाची छत्री असती (८३ अंश) तर २१ अंश डावीकडे वळवून ८ अंश खाली आणावी लागली असती. अलिबाग ते मालवणपर्यंत आकडे फार बदलत नाहीत. अलिबागला दिशा १३० आणि उंची ५८, मालवणला १२७ आणि ६०.

उंची ६० म्हणून छत्री आभाळाकडे पालथी करू नका. आपल्या छत्र्या ऑफसेट असतात, म्हणजे सिग्नल पकडणारा पुढचा छोटा डबा, एलएनबी, मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे पत्रा दिसायला ३५ अंशच वर बघतो. ब्रॅकेटवर आकडे कोरलेले असतील तर त्यात हा फरक धरलेला असतो, सरळ ६० वर लावा.

पण त्याआधी खांब. खांब ओळंब्यात नसेल तर ब्रॅकेटवरचा आकडा खोटा ठरतो आणि डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही बदलत जाते. मग माणूस दिवसभर फिरवत बसतो. दोन बाजूंनी ओळंबा लावून बघा. होकायंत्र खांबाला टेकवून धरू नका, लोखंड सुई ओढतं. तीन मीटर मागे जाऊन दिशा बघा आणि त्या रेषेतली एखादी खूण धरा.

आता एलएनबी. त्यावर ९७५०/१०६०० लिहिलेलं हवं. नुसतं १०६०० असेल तर फ्री डिशच्या ११ हजारांतल्या फ्रिक्वेन्सी बॉक्सपर्यंत पोचतच नाहीत, कितीही फिरवा. खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळे काढलेला असेल तर नवा घ्या, छत्री ठेवा. एलएनबी त्याच्या पकडीत वळवावाही लागतो, आणि हे बरेच जण करतच नाहीत. छत्रीच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड केलं तर घड्याळाच्या उलट दिशेने साधारण ५० अंश. हा अंदाज झाला, नेमकं बॉक्सवरची क्वालिटीची पट्टी बघूनच ठरवायचं.

बॉक्सवर : मेन्यूमध्ये इन्स्टॉलेशन, उपग्रह जीसॅट-१५ किंवा ९३.५ पूर्व, एलएनबी ९७५०-१०६०० युनिव्हर्सल, डायसेक बंद. फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरिटी व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. आता पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंग्थची पट्टी विसरा. एलएनबीला वीज मिळाली की ती तशीच भरते, छत्री जमिनीकडे केली तरी. क्वालिटी शून्याहून हलली की तिथे थांबा. मग अर्धा-अर्धा अंश डावी-उजवीकडे, मग वर-खाली, मग एलएनबी वळवून, या क्रमाने वाढवत न्या. दर हालचालीनंतर दोन-तीन सेकंद थांबा, बॉक्सला वेळ लागतो. बोल्ट आवळताना छत्री हलते, म्हणून आलटून-पालटून थोडं थोडं आवळा आणि शेवटी आकडा पुन्हा बघा. ११०९० बसलं की ११४७० वरही तपासा, मग पूर्ण स्कॅन.

चॅनेलं शेजाऱ्यापेक्षा कमी सापडली तर बहुधा बॉक्स जुना, एमपेग-२ चा आहे. एमपेग-४ चाच घ्या, तो दोन्ही पकडतो.

---

झावळ

माडाचा हिशोब कोणीच सांगूक नाय, म्हणून वायच लिवतंय. ६० अंश उंची म्हणजे छत्रीच्या वर झाड जितक्या मीटर जाता, त्याच्या ०.५८ पट अंतरार ता आडवा येता. माड १५ मीटर, छत्री ३ मीटरार, म्हणजे वर उरले १२. १२ गुणिले ०.५८, सात मीटर. हो बुंध्याचो हिशोब झालो. झावळां चार मीटर बाजूक येतत ती धरून ११ मीटर तरी लांब होया. वाऱ्यान झावळ हलता तेवा क्वालिटी वर-खाली होता, आणि लोक बॉक्साक नावां ठेवतत. माड तोडूचो नाय, छत्री सरकवची.

---

खाडीकाठ

मोजून पाहिलं. सगळ्यात जवळचा माड छत्रीपासून ६ मीटरवर आहे आणि नेमका त्याच रेषेत. मग डिशटीव्ही चालत कसा होता?

छत्री अंगणात दुसऱ्या बाजूला हलवावी लागेल असं दिसतंय. तिथे चिऱ्याची गडग्याची भिंत आहे, तिच्यावर चालेल का? आणि पावसात चित्र जाऊ नये म्हणून मोठी ९० सेंटिमीटरची घ्यावी का?

---

ओळंबा आणि पाना

चालत होता कारण छत्री लावली तेव्हा माड लहान असणार.

गडग्यावर नको. मातीत रचलेली भिंत हलते, आणि छत्री थोडी हलली तरी सिग्नल पडतो. घराच्या चिऱ्याच्या भिंतीतही साधा फास्टनर टिकत नाही. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, वाऱ्याने छत्री हलत राहते आणि भोक मोठं होत जातं. भिंतीवरच लावायची असेल तर आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने पट्टी द्या. कौलांच्या वाशांवर तर अजिबात नको. कंपनाने कौलं सरकतात, गळती लागते, आणि माकडं उडी मारताना हक्काने छत्रीवरच उतरतात.

सगळ्यात बरं म्हणजे अंगणात वेगळा खांब. ४० मिलिमीटरचा जाड जीआय पाइप, वर दोन मीटर, खाली जमिनीत ६० सेंटिमीटर. खड्डा ४५ बाय ४५, काँक्रीट १:२:४. पाइपाच्या खालच्या टोकाला आडवी सळी घाला, नाहीतर काँक्रीटमध्ये तो गोल फिरतो. काँक्रीटचा माथा उतरता ठेवा, पाणी पाइपाशी साचलं की तिथेच तो कुजतो. वरच्या तोंडाला टोपण. निदान आठवडाभर पाणी मारून मगच छत्री चढवा.

९० च्या छत्रीबद्दल माझं मत : नको. ६० वरून ९० वर गेलात तर सिग्नल साधारण साडेतीन डेसिबलने वाढतो, पण वाऱ्याला मिळणारा पत्रा सव्वादोन पट होतो. जूनमधल्या झोडपणाऱ्या सरीत साडेतीन डेसिबलही पुरत नाहीत, पाच-दहा मिनिटं चित्र जाणारच.

---

किनारपट्टी तंत्रज्ञ

९० नको इथवर मान्य. पण ७५ घ्या, असं मी म्हणेन. जवळपास दोन डेसिबल मिळतात आणि वारा दीडपटच. मधल्या मध्यम पावसात, जो कोकणात चार महिने असतो, तिथे फरक दिसतो. नवीन खांब घालणारच आहात तर जुनी गंजकी छत्री त्यावर कशाला?

खरं म्हणजे किनाऱ्याला पावसापेक्षा मीठच जास्त छळतं. फ्री डिश ‘बंद पडली’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा एलएनबीजवळचा एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा आट्यांचा जोड, हिरवा झालेला असतो. त्याचं नीट करा म्हणजे बाकी अर्धं काम झालं.

केबल आरजी-६ घ्या, आतली तार भरीव तांब्याची. स्वस्त केबलमध्ये पोलादी तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, टोकाला पाणी लागलं की आतून गंजते. कनेक्टर दाबून बसवायचा, कॉम्प्रेशनचा. पिळून चढवायचा नको. वरचं आवरण सोलून जाळी मागे दुमडताना तिची एकही तार मधल्या तारेला लागता कामा नये. लागली तर शॉर्ट होऊन बॉक्स एलएनबीची वीज तोडतो किंवा स्वतःच बंद-चालू होत राहतो. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर २-३ मिलिमीटर.

जोडून, आवळून झालं की वर स्वतःला चिकटणारी रबरी टेप. साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हात महिन्यात सुटते. रबरी टेप दुप्पट लांब ताणत, प्रत्येक फेरा आधीच्या निम्म्यावर चढवत, खालून वर गुंडाळा. मग कौलांसारखे वरचे थर खालच्यांवर येतात आणि पाणी ओघळून जातं. सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते तांबं खातं. केबल घरात शिरण्याआधी खाली लोंबता वळसा ठेवा आणि भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, नाहीतर पाणी केबलवरून थेट बॉक्सपर्यंत येतं.

बोल्ट-नट स्टेनलेसचे घ्या. ३०४ क्रमांकाच्या स्टेनलेसवर खाडीच्या हवेत तांबूस डाग येतात, पण ते बोल्ट सुटतात तरी. ३१६ चे मिळाले तर उत्तम. आट्यांना ग्रीस. छत्रीच्या कापलेल्या कडांवर आणि भोकांत जस्ताचा प्रायमर, गणपतीनंतर उघडीप मिळाली की एक हात पुन्हा.

सिग्नल गेला तर बाजाराला पळण्याआधी मल्टीमीटर काढा. बॉक्स चालू ठेवून छत्रीकडचं केबलचं टोक सोडा, मधली तार आणि बाहेरचं कडं यांच्यात मोजा. व्हर्टिकलवर साधारण १३ व्होल्ट, हॉरिझाँटलवर १८. तिथे वीज येतेय आणि दिशा हललेली नाही, तर संशय एलएनबीवर. तिथे नाही पण बॉक्सच्या सॉकेटवर आहे, तर केबल. बॉक्सवरही नाही, तर मेन्यूत एलएनबी पॉवर बंद झाली आहे का ते आधी बघा, घरातल्या मुलांनी केलेली असते.

तुम्हाला तीन टीव्ही लागतील, पुढे एक आणि मागे दोन. एका एलएनबीतून साध्या स्प्लिटरने तिघांना देऊ नका. प्रत्येक बॉक्स स्वतःच्या चॅनेलप्रमाणे व्होल्टेज मागतो, आणि एकाने बदललं की दुसऱ्याचं चित्र जाऊ शकतं. चार तोंडांचा क्वाड एलएनबी घ्या, प्रत्येक बॉक्सला वेगळी केबल.

---

पडदा वेगळा

टीव्हीबद्दल कोणी बोललंच नाही.

तत्त्व एकच, पडदा आणि चॅनेल आणणारी वस्तू वेगळी ठेवा. पॅनेल आठ-दहा वर्षं चालतं, त्यातली अॅपं त्याच्या निम्म्या काळातच जुनी होतात. साधा ३२ इंची एलईडी घ्या. मागे दोन एचडीएमआय, एक यूएसबी आणि जुनी पिवळी-पांढरी-लाल एव्ही सॉकेटं असली की पुरे. मनासारखा साधा मिळाला नाही तर स्मार्टच घ्या, पण त्याला वायफायचा पासवर्ड देऊ नका. पहिल्यांदा सुरू करताना खातं उघडायला सांगतो तिथे ‘नंतर’ किंवा ‘इंटरनेटशिवाय’ निवडा. सुरू होताच थेट एचडीएमआय-१ लागेल अशी सोय असेल तर ती करा, म्हणजे आई-बाबांना जाहिरातींनी भरलेला पहिला पडदा बघावा लागणार नाही. शिवाय पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवणारी सोय बऱ्याच स्मार्ट टीव्हींत असते. नेटच नसेल तर ती कळवणार कोणाला?

घेताना मागची सॉकेटं बघा. ‘सॅटेलाइट’ किंवा ‘एलएनबी इन’ लिहिलेलं आट्यांचं सॉकेट असेल तर टीव्हीतच ट्यूनर आहे आणि फ्री डिशला बॉक्स लागत नाही, रिमोटही एकच. भारतीय मानक ब्युरोचं यासाठी आयएस १८११२ : २०२२ हे मानकही आहे. आई-बाबांसाठी मी हाच शोधेन. मेन्यूत एलएनबीची वीज चालू करायला विसरू नका.

कॉम्प्युटरचा जुना मॉनिटरही चालतो. पण बहुतेकांना स्पीकर नसतो, म्हणून हेडफोनच्या भोकातून छोटे स्पीकर जोडा. एचडीएमआय नसून फक्त डीव्हीआय असेल तर पैशाच्या डीटीएचचे बॉक्स कधीकधी कॉपी-संरक्षणामुळे काळा पडदा देतात. फ्री डिशच्या बॉक्सला सहसा ही अडचण येत नाही.

पुढे घरी फायबर आलं तर नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी, एचडीएमआयमध्ये लावायची स्टिक घ्या. ती टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका, तिच्याच अॅडॉप्टरवर लावा. टीव्हीचा यूएसबी बऱ्याचदा अर्धा अँपिअरच देतो, मग स्टिक मध्येच बंद होऊन सुरू होते आणि लोक नेटला दोष देतात. प्रसारभारतीचं वेव्हज हे ओटीटी अॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं आहे, डीडीची चॅनेलं त्यावरही आहेत.

नेट नसताना पेन ड्राइव्ह. फॅट-३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आवाज येतो आणि चित्र नाही, तर फाइल बहुधा एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ प्रकारात आहे, जुन्या एच-२६४ मधली घ्या.

---

अर्थिंगवाला

वीज राहिली. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात छत्रीच्या केबलमधून एलएनबी, बॉक्स आणि टीव्हीचं एचडीएमआय एकाच झटक्यात जातं. प्लग काढून ठेवला आणि केबल तशीच राहिली तर उपयोग नाही. दोन्ही काढा, आधी प्लग, मग केबल, आणि गडगडाट जवळ यायच्या आत. डोक्यावर कडाडायला लागल्यावर केबलला हात लावू नका.

नवा खांब घालताय तर त्याला घराच्या अर्थिंगशी जाड तांब्याच्या तारेने जोडून घ्या, आणि केबल भिंतीत शिरते तिथे ग्राउंड ब्लॉक बसवा म्हणजे केबलची जाळीही अर्थला जाते. खांबासाठी स्वतंत्र सळी ठोकून घराच्या अर्थशी न जोडता सोडू नका. दोन अर्थमध्ये फरक पडला की तो बॉक्समधूनच मिटतो. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही. खड्डा खोल हवा, कोळसा-मीठ हवं, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत राहायला हवं. थेट पडणाऱ्या विजेपुढे यातलं काहीच टिकत नाही, हेही लक्षात घ्या.

लाइट जाण्यावर : ३२ इंची एलईडी ४०-५० वॉट घेतो, बॉक्स १० च्या आत. दोन्ही मिळून ६० वॉट धरा, चार तासांचे २४० वॉट-तास. घरात १५० अँपिअर-तासाची इन्व्हर्टर बॅटरी असेल तर एवढं सहज निघतं. पाहुण्यांच्या खोल्यांसाठी २४ इंची, १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालणारे टीव्ही बघा. फ्री डिशचे बरेच बॉक्सही १२ व्होल्टचे असतात. मग छोट्या सोलर बॅटरीवर इन्व्हर्टरशिवाय भागतं. पण चार्ज होताना बॅटरी १४ च्या वर जाते, म्हणून मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर टाका.

---

खाडीकाठ

७५ ची छत्री, क्वाड एलएनबी आणि अंगणात खांब, असं ठरवतोय. खांब ते मागची खोली केबल ३५ मीटर होईल. चालेल?

---

किनारपट्टी तंत्रज्ञ

भरीव तांब्याची आरजी-६ असेल तर चालेल. मध्ये जोड देऊ नका, सलग तुकडा टाका. जमिनीतून नेताय तर पीव्हीसी पाइपातून न्या आणि पाइपाला खोलीकडून बाहेर उतार ठेवा. दोन्ही तोंडं जाळीने बंद करा, नाहीतर उंदीर आधी राहायला येतील.